पडद्यावरची जवारी

“ही माझी तार?” अब्बांनी चष्मा कपाळावर सारला आणि पडद्याला नाक लागेल इतके ते वाकले. “गोगलगाय चालून गेल्यासारखं दिसतंय हे.”

“तारच आहे, अब्बा. आत्ता छेडलीत ती. पंचमाची.”

“मग अशी आडवी का पडलीय? आजारी आहे काय?”

मधल्या दारात बसलेली अम्मी खुदकन हसली. तिच्या मांडीत एक भोपळा होता आणि त्याला ती लाखेच्या चपड्याचं पॉलिश देत होती. कापसाचा बोळा गोल गोल फिरत होता आणि बोळ्याखाली भोपळ्याचा रंग मधासारखा उजळत चालला होता.

शनिवारची दुपार होती. मिरजेत आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिन्ही भिंतींना वाळलेले भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या दांड्या उभ्या, आणि दारातून येणारं ऊन त्या सगळ्यावरून मांजरासारखं सरकत जायचं. चपड्याचा वास, लाकडाच्या भुशाचा वास. माझं सगळं लहानपण त्या वासात गेलं. कुठंही तो वास आला की आजही मला गाढ झोप येईलसं वाटतं.

फळीवर कुमुदताई हेर्लेकरांचा तंबोरा आडवा ठेवला होता. ताई कोल्हापूरच्या गायिका. संध्याकाळच्या गाडीने त्या तंबोरा बघायला येणार होत्या. सगळं काम झालं होतं, जवारी तेवढी राहिली होती.

जवारी म्हणजे काय, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नाही, मी ते ऐकतच मोठी झाले. तंबोऱ्याच्या चारी तारा, म्हणजे पंचम, मधल्या जोडाच्या दोन आणि खर्ज, एका रुंद, सपाट हाडाच्या घोडीवरून जातात. त्या घोडीच्या पाठीचा उतार कानशीने केसभर इकडेतिकडे करायचा, तारेखाली सुताचा धागा पुढे-मागे सरकवायचा. जागा सापडेपर्यंत तार नुसती वाजते. जागा सापडली की तिच्या अंगावर दुसराच एक झंकार उभा राहतो. विहिरीच्या पाण्यावर ऊन पडावं आणि त्याचा कवडसा वर कमानीवर नाचावा, तसा. गिऱ्हाइकं मिरजेला येतात ती त्या कवडशासाठी.

आणि अब्बांना तो कवडसाच ऐकू येत नव्हता.

पंधरवड्यापूर्वी सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. खालचे आवाज शाबूत आहेत, बारीक, उंच आवाज गेलेत. आजचे नाहीत, बरेच दिवस झालेत. मी तर हबकलेच. गेल्या दोन वर्षांत दुकानातून कितीतरी तंबोरे गेले होते आणि जवारीची तक्रार एकाचीही आली नव्हती. येताना एसटीत मी विचारलं, “मग अब्बा, हे सगळे तंबोरे कसे काय काढलेत?”

“हाताला सवय असते, बेटा,” म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले.

सोमवारी मला पुण्याला रुजू व्हायचं होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता आणि विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. बॅग अर्धी भरून झाली होती. पण मी गेल्यावर अब्बांचं काय, हा विचार पंधरा दिवस माझ्या उशाशी बसून होता. त्यातूनच ही कल्पना निघाली. कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना गळ घालून मी एक छोटी पेटी उसनी आणली होती. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, वाटाण्याएवढा पिकअप चिकटवायचा, त्याची वायर पेटीत, पेटीची वायर लॅपटॉपमध्ये. तार थरथरली की ती थरथर रेषा होऊन पडद्यावर यायची. रेषा साठवून ठेवता यायची, मोठी करता यायची, एका रेषेमागे दुसरी लावता यायची. कान नसले तर नसोत, डोळे आहेत ना, असा माझा हिशेब.

“उभी कर तिला,” अब्बा म्हणाले.

“कुणाला?”

“तारेला. मांडीवर तंबोरा घेतला की तार उभी असते. जन्मभर मी तिला उभी बघितली. तू झोपवलीस तर मला ओळख कशी पटणार?”

त्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा उभी करायची सोय नव्हती. मी जरा विचार केला आणि सगळा लॅपटॉपच कुशीवर उभा केला, उघड्या पुस्तकासारखा. रेषा आता वरून खाली वाहत होती. अब्बांनी पुन्हा तार छेडली. रेषा वेलीसारखी दोन्ही अंगांनी फुटली.

“हां,” ते हळूच म्हणाले. “आता जरा घरातली वाटते. पण हा रंग कसला? काळ्यावर हिरवा. भुताटकी आहे नुसती.”

“कुठला देऊ?”

“पोलादी तारेला पोलादी दे. खर्जाला पितळी. आणि मागं ते काळं नको. घोडीचं हाड असतं ना, तसलं पांढरं दे.”

मी रंगांची खिडकी उघडली आणि एकेक रंग दाखवत गेले. ते मान हलवत राहिले. हा पिवळा हळदीचा, हा पिवळा कावीळ झाल्याचा. शेवटी एक पितळी सापडला, त्यावर त्यांचं बोट थांबलं. मागची चौकटींची जाळी त्यांनी काढायला लावली. “तार काय तुरुंगात आहे?” म्हणे. रेषा जाड करायला लावली, मग पुन्हा बारीक, मग मधली.

“आणि हे काय, छेडलं की आली आणि लगेच पुसली? जाताना जरा रेंगाळायला नको? आवाज कधी असा दार आपटून जातो का?”

तेही करता येत होतं. मागची रेषा किती वेळ पडद्यावर राहू द्यायची आणि कशी फिकट होत जाऊ द्यायची, याचा एक छोटा सरकता दांडा होता. तो मी पुढे नेला. अब्बांनी तार छेडली आणि रेषेमागे रेषा, तिच्यामागे आणखी फिकी रेषा, अशा पाकळ्याच पडद्यावर उमलल्या आणि सावकाश विरत गेल्या. अम्मीचा बोळा थांबला.

“या अल्ला,” अम्मी म्हणाली. “आवाजाला सावली असते होय गं?”

सावलीवरून मला आठवलं. भिंतीवर आजोबांचा जुना तंबोरा होता. त्याची जवारी अब्बांनी ऐन उमेदीत काढली होती आणि ती अजून टवटवीत होती. मी त्याला पिकअप लावून चारी तारा रेकॉर्ड केल्या, त्यांच्या रेषा राखाडी रंगात मागे ठेवल्या आणि म्हटलं, “आता सोपं आहे, अब्बा. ही राखाडी म्हणजे तुमचीच जुनी जवारी. नवी रेषा हिच्यावर चपखल बसली की कानस खाली ठेवायची.”

ते त्या राखाडी रेषेकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

“हा मी तिशीतला,” ते म्हणाले. “चांगला दिसत होतो की.”

“अजून दिसता,” मी म्हटलं.

“ऐकलंस का गं?” त्यांनी अम्मीला हाक दिली.

“मला ऐकू येतं सगळं,” अम्मी म्हणाली. “तुमच्यासारखं नाही.”

ते हसले. ती तशी खोचक बोलायची, आणि पंधरवडाभर घरात सगळ्यांनी जपून जपून बोलल्यावर तिचं ते बोलणं पंख्याच्या वाऱ्यासारखं वाटलं.

मग अब्बा कानस हातात घेऊन म्हणाले, “जा आता, आत जा.”

“मी थांबते ना. काही अडलं तर—”

“आत जा. कपडे भर.”

“अब्बा, बॅग रात्री भरीन.”

“शमीम.” त्यांनी मला नावाने हाक मारली की पुढे बोलायचं नसायचं. “आत जा म्हटलं ना. आणि ही रेषा एवढीशी दिसते, ती आधी मोठी करून जा. चष्म्यातून पुरत नाही मला.”

रेषा आपोआप पडदाभर ताणून दाखवायची एक सोय होती. तिच्यापुढच्या चौकोनात मी खूण केली. राखाडी रेषाही ताणली गेली, पोलादीही. दोन्ही पडद्याच्या काठापासून काठापर्यंत पोचल्या. अब्बा खूश झाले. मी आत गेले.

त्यांना माझ्यासमोर लाज वाटत असणार, असं मला वाटलं. ज्या माणसाच्या कानावर सगळं मिरज विश्वासायचं, त्याला पोरीसमोर पडद्यात डोकं घालून बसायला कसंसंच होत असेल.

आतल्या खोलीत मी बॅग उघडली. बाहेरून कानशीचा आवाज येत होता, उंदीर कुरतडतो तसा बारीक. मग तार. मग कानस. अम्मी बोळा फिरवता फिरवता गुणगुणायला लागली होती. तिचं माहेर खेड्यातलं. जात्यावरच्या ओव्या तिच्या आईकडून तिच्याकडे आलेल्या आणि मनात काही असलं की ती त्यांतच आपली भर घालायची.

वाटंला लागली मैना, मागं बघंना वळून
उंबऱ्याच्या लाकडाला पाणी सुटलं आतून.

मला ऐकू यावं म्हणूनच म्हणत होती. मी ऐकलं नाही असं दाखवून दुपट्ट्याची घडी घालत राहिले.

खरं सांगायचं तर पुण्याला जायची मला फार हौस होती असं नाही. पण मिरजेत राहून तरी काय करायचं? आमच्या घरात बायका सगळं करत. भोपळ्यावर फुलं कोरायची, पॉलिश द्यायची, मणी ओवायचे, तारा लावायच्या. कानस मात्र मुलाच्या हातात जायची. मला भाऊ नव्हता. शाळेत असताना एकदा मी म्हटलं होतं, मला शिकवा. अब्बा रागावले नाहीत, फक्त हसले होते, मी चंद्र मागितल्यासारखे. मग मी वायरी आणि मीटर शिकले.

बाहेर तार छेडली गेली आणि खुलली.

भिंतीपलीकडून तो झंकार आला आणि खोलीभर पसरला. हातातली घडी हातातच राहिली. वाटलं, जमलं. अब्बांना जमलं माझ्याशिवाय. डोळ्यांत एकदम पाणी आलं, आनंदाचं होतं की कशाचं, ते मी तपासलं नाही.

आणि कानशीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी वाट बघितली. आता थांबतील. तार वाजली, झंकार जरासा मिटला होता. थांबा, अब्बा. पुन्हा कानस. पुन्हा तार. आता ती नाकात बोलल्यासारखी वाजत होती, चटकन उठायची आणि तिथल्या तिथे बसायची. मी दुपट्टा टाकून बाहेर धावले.

अब्बांचा चेहरा नुसता उजळला होता. इतक्या दिवसांत तसा बघितला नव्हता.

“बघ! बसली की नाही सावलीवर? तसूभर फरक नाही. जोडाची एक तार पण झाली, बघ.”

पडद्यावर पोलादी रेषा राखाडीवर तंतोतंत बसली होती. तीच वळणं, तेच दंतुर काठ. मी पडद्याकडे बघत राहिले आणि एकदम उमगलं. मी वाकून त्या चौकोनातली खूण काढली.

राखाडी रेषा होती तशीच रुंद राहिली. पोलादी रेषा मात्र आक्रसली आणि तिच्या पोटात एक सुतळी होऊन लोंबत राहिली.

“हे काय झालं?” अब्बांनी विचारलं.

“मघाशी ही खूण दोन्ही रेषांना ओढून सारखं करत होती. बारीक असली तरी पडदाभर. वळण जुळत होतं, अब्बा. जोर नव्हता.”

“म्हणजे कुजबुजणाऱ्यालाही ओरडणाऱ्याएवढं दाखवायची.”

“हो.”

“आणि तार मेली.”

त्यांनी कानस खाली ठेवली, घोडीवरचा हाडाचा भुगा फुंकरीने उडवला आणि अंगठ्याने तिची पाठ चाचपली. घोडी पुन्हा सपाट करून सगळं पहिल्यापासून करता आलं असतं. पण हाडात तेवढाच जीव होता. एकदा. त्यानंतर ती तंबोऱ्याला पुरली नसती आणि दुसरं तयार हाड घरात नव्हतं.

“मी नाही जात,” मी म्हणाले. “पुण्याला. मी थांबते.”

“थांबून काय करशील?”

“मी ऐकीन. तुम्हाला सांगीन.”

“आणि मी पोरीला विचारून विचारून जवारी काढू?”

“आता विचारत नाही तेवढंच,” अम्मी पुटपुटली.

“तू गप बस!”

अब्बा असे कधी ओरडत नसत. अम्मीने बोळा चिंध्यांच्या टोपलीत जोरात फेकला. ऊन फळीवरून उतरून जमिनीवर आलं होतं. मग अब्बांनी घोडी सोडवली, सपाट दगडावर काचकागद ठेवला आणि तिची पाठ घासायला लागले, सावकाश, आठाच्या आकड्यात. घासून झाल्यावर ती जागी बसवली, तारा पुन्हा चढवल्या, सुरात आणल्या.

“बस,” ते मला म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसायला गेले.

“तिथं नाही. तिकडं. भिंतीकडं तोंड करून.”

“का?”

“लाज वाटते म्हण मला. बस.”

मी भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसले. समोर टांगलेले भोपळे होते, एकाखाली एक. रिकाम्या भोपळ्यांची एक गंमत असते. खोलीत तार वाजली की ते आपल्या पोटात तिचा जराजरासा आवाज धरून ठेवतात. मी डोळे मिटले. मागे कानस चालली. तार वाजली, भोपळे हुंकारले. कानस. तार. मला वाटायला लागलं की मी एका मोठ्या भोपळ्याच्या आत बसलेय आणि बाहेर कुणीतरी हलक्या हाताने त्याला आकार देतंय. लहान असताना अशीच मी या भिंतीशी झोपून जायचे आणि अब्बांच्या तारा स्वप्नात चालत यायच्या, कधी पाणी होऊन, कधी मधमाश्या होऊन.

कानस. तार. अजून नाही. कानस. धागा सरकवल्याचा आवाजसुद्धा मला आला. तार. जवळ आली होती. कानशीची एकच ओढ, फुंकर मारावी इतकी हलकी.

तार वाजली आणि सगळे भोपळे एकदम जागे झाले.

मी हलले नाही. बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. ते थांबतात की पुढे जातात, एवढंच ऐकत राहिले.

“आली,” अब्बा म्हणाले आणि कानस फळीवर ठेवल्याचा आवाज झाला.

मी वळले. इतका आनंद झाला होता की आधी लक्षातच आलं नाही. मग दिसलं. कुशीवर उभा केलेला लॅपटॉप काळा पडला होता. बराच वेळ कुणी बटणाला हात लावला नाही की तो असा आपला आपण झोपायचा.

“अब्बा, पडदा कधी गेला?”

“कुठला पडदा?” त्यांनी वळून बघितलं. “अरे! गेला होय?”

अम्मीला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसत होती आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले होते.

“सांगा आता,” ती म्हणाली. “दोन वर्षं मला शपथ घातलीत. आता तुम्हीच सांगा.”

अब्बांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

“तू भांडं घासत असलीस की भांडं थांबतं,” ते म्हणाले. “मणी ओवत असलीस की सुई थांबते. पुस्तक वाचत असलीस की पान उलटत नाहीस. तुला स्वतःला कळत नाही ते. जवारी खुलली की तुझा हात जागच्या जागी राहतो. तुझा हात थांबला की मी कानस थांबवतो. झालं.”

“दोन वर्षं?”

“दोन वर्षं.”

“म्हणून मघाशी आत धाडलंत मला?”

“सोमवारी तू जाणार. तुझ्याशिवाय जमतंय का, बघायला नको? म्हटलं, पोरीनं एवढं यंत्र आणलंय, शिकून घेऊ. त्या यंत्राची काही चूक नाही हं. रेषा छान आहे. पण नजर तुझ्याकडंच वळते, त्याला काय करू? म्हणून म्हटलं, भिंतीकडं तोंड कर.”

“तरी बघितलंतच.”

“वेणी हलायची थांबली तुझी,” अब्बा ओशाळून म्हणाले.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती मला ऐकू आली, अम्मीला ऐकू आली. अब्बा फळीवरचा भुगा बोटाने एका रेघेत गोळा करत होते.

“अब्बा, मग मला शिकवा.”

“काय शिकवू?” ते वर न बघता म्हणाले. “जवारी तर दोन वर्षं तूच काढतेयस. कानस तेवढी माझ्या हातात होती.”

आणि त्यांनी ती उचलली, मुठीकडची बाजू माझ्याकडे केली आणि धरून राहिले.

अम्मी उठली, लॅपटॉपपाशी गेली, आणि आयुष्यात कधी त्याला हात न लावलेल्या माझ्या आईने एक बटण दाबून तो जागा केला. अब्बांनी दुसऱ्या हाताने पंचम छेडला आणि पांढऱ्यावर पोलादी रेषा पुन्हा उभी राहिली, राखाडीत मिसळून, तिच्याएवढीच रुंद.

जोडाच्या दोन्ही तारा आणि खर्ज अजून राहिला होता. मी कानस घेतली. अब्बांनी माझं मनगट दोन बोटांत धरलं. “दाबायचं नाही. कानशीचं वजन तिचं तिला पुरतं. तू फक्त चालव.” मी चालवली. आपल्या हाताखालचा झंकार निराळा असतो. पलंगावर पडून ऐकलेला पाऊस आणि अंगावर घेतलेला पाऊस, तसा. अब्बा आता निवांत पडद्याकडे बघत होते. “वाढतेय,” म्हणत होते. “वाढतेय. हां. आता काठाला येतेय. तू बघू नको इकडं, तू ऐक.” मी थांबायचे तेव्हा ते काही विचारत नसत. जोडाच्या दोन्ही झाल्या. खर्जाला मी कानस लावली आणि जरा भिऊन लवकरच थांबले. अब्बांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि गप्प राहिले.

कुमुदताई आल्या तेव्हा दिवे लागले होते. उंच, सावळ्या, खांद्यावर शाल, चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, “दस्तगीरभाई, झालं का माझं बाळ?”

“बघा, बाई.”

मी पिकअप काढला. ताईंनी तंबोरा मांडीवर घेतला, गाल दांडीला टेकवला आणि बोटं फिरवली. पंचम, जोड, जोड, खर्ज. पुन्हा. पुन्हा. डोळे मिटून त्या कितीतरी वेळ नुसत्या छेडत राहिल्या आणि आमच्या त्या खोलीत जणू कुणी पाणी सोडलं. ते चढत चढत भोपळ्यांपर्यंत गेलं.

“दस्तगीरभाई,” त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, “या खेपेला हात हलका लागलाय. वेगळं काय केलंत?”

पंचम म्हटलं तर त्यांचा, म्हटलं तर माझा होता. अब्बांना काहीही सांगता आलं असतं. मिरजेतल्या दुकानात जवारी पोरीने काढली, हे ऐकून गिऱ्हाईक तंबोरा ठेवून उठून गेलं असतं, तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

“हात बदललाय, बाई,” अब्बा म्हणाले.

ताईंनी डोळे उघडले. त्यांनी अब्बांकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या बोटांना चिकटलेल्या हाडाच्या पांढऱ्या भुग्याकडे. मी भुगा ओढणीला पुसला. त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली. त्यांनी खर्जाची तार एकटीच छेडली आणि ती संपेपर्यंत ऐकली. पुन्हा छेडली.

मग त्यांनी तंबोरा उचलला आणि अब्बांना नाही, माझ्या हातात दिला.

“मग तुलाच सांगते, पोरी. जोड सुरेख आहे. पण खर्ज अजून झाकलेला आहे. घाबरलीस तिथं. जरा उघड त्याला.”

“हो, ताई.”

“गुरुवारी बैठक आहे माझी. कधी येऊ न्यायला?”

मी तंबोरा फळीवर ठेवला. हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणून पिकअप पुन्हा तबलीवर चिकटवला. अम्मी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अब्बा माझ्याकडे मुळीच बघत नव्हते. त्यांनी तोंड पडद्याकडे केलं होतं आणि पाठ ताठ ठेवली होती.

“सोमवारी या,” मी म्हणाले.

सुरात लावलेल्या तारा माझ्या आवाजाने जराशा हलल्या. पडद्यावर एक बारीक पितळी रेषा उभी राहिली, तिच्यामागे तिच्याच फिकट पाकळ्या, आणि ती सगळी विरेपर्यंत अब्बांनी पापणी हलवली नाही.